सांध्यातले तारे

जुन्या मशिदीत शिरल्यावर नजर आधी वर घुमटाकडे जाते. भिंतीतल्या मिहराब नावाच्या कोनाड्याशेजारी उभ्या असलेल्या लाकडी मिंबराकडे लक्ष जातं ते बऱ्याच वेळाने. मिंबर म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनासाठी ज्यावर चढतात तो अरुंद, उंच जिना. पुढे छोटं दार, मग सरळ वर जाणाऱ्या पायऱ्या, माथ्यावर उभं राहण्यापुरती जागा आणि बहुधा त्यावर छोटासा घुमट. जिना असल्यामुळे त्याच्या दोन्ही अंगांना मोठे काटकोन त्रिकोण तयार होतात. बाराव्या ते पंधराव्या शतकात हलब, जेरुसलेम आणि विशेषतः कैरो इथल्या सुतारांनी आपलं सगळं कसब या दोन त्रिकोणांवर लावलं.

जवळ जाऊन पाहिलं तर त्या त्रिकोणात दहा, बारा किंवा सोळा टोकांचे तारे दिसतात. ताऱ्याभोवती बदामाच्या आकाराच्या पाकळ्या, पाकळ्यांभोवती सहा कोनांच्या ढाली, आणि त्या ढालींच्या कडा शेजारच्या ताऱ्याच्या कडांना मिळालेल्या. त्रिकोणाच्या कडेला पोचलं की चौकट ताऱ्याला अर्ध्यातच कापते. नक्षी संपलेली नसते, फक्त लाकूड संपलेलं असतं. प्रत्येक तुकडा वेगळा कापलेला, बहुतेकांवर वेलबुट्टी कोरलेली, काहींच्या मधोमध हस्तिदंत बसवलेला. एका मिंबरात असे तुकडे हजारांनी असतात.

या कलेबद्दल लिहिताना अनंताची, एकत्वाची, ध्यानाची भाषा फार लवकर येते. तिच्याशी माझं भांडण नाही. पण त्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा, जो कुठल्याही सुताराने पहिल्यांदा विचारला असता: चार रुंद फळ्या जोडून वर नक्षी कोरता आली असती, मग हजारो तुकडे कशासाठी?

उत्तर लाकडाच्या स्वभावात आहे. झाड तोडून कितीही वर्षं लोटली तरी लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. दमट हवेत ते फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं. हा फरक सगळ्या दिशांना सारखा नसतो. तंतूंच्या लांबीच्या दिशेने तो नगण्य असतो. आडव्या दिशेने मात्र ओल्या लाकडापासून पुरतं वाळेपर्यंत बऱ्याच जाती साधारण ५ ते १० टक्क्यांनी आक्रसतात. मुरवलेलं लाकूडसुद्धा ऋतूंबरोबर थोडं थोडं हलत राहतं. मीटरभर रुंदीची फळी चारी बाजूंनी घट्ट ठोकून टाकली आणि तिला सेंटिमीटरभर जरी हलायचं असलं, तर ती वाकते नाहीतर तडकते. तिसरा मार्ग तिच्यापुढे नसतो. इजिप्तमध्ये वसंतात वाळवंटावरून खमासीनचे रखरखीत वारे येतात, आणि त्यांच्यापुढे रुंद फळीचा निभाव लागत नाही.

आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतलं दिलेदार दार आठवा. उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट आणि तिच्या खोबणीत बसवलेले दिले. दिला खोबणीत चिकटवलेला नसतो, नुसता सरकवलेला असतो. पावसाळ्यात तो फुगून खोबणीत आत शिरतो, उन्हाळ्यात थोडा बाहेर येतो, आणि दार जसंच्या तसं राहतं. कैरोच्या सुतारांनी नेमकं हेच केलं, फक्त चौकोनी दिल्याच्या जागी त्यांनी तारा बसवला.

या पद्धतीला अरबी कारागीर ‘ताशीक’ म्हणतात, म्हणजे तुकडे एकमेकांत गुंतवणं. नक्षीच्या ज्या रेषा आपल्याला दिसतात त्या म्हणजे लाकडाच्या अरुंद पट्ट्या. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडांना खोबण असते. ताऱ्याच्या, बदामाच्या, ढालीच्या तुकड्याला चारी बाजूंनी पातळ जीभ काढलेली असते आणि ती जीभ त्या खोबणीत सैलसर बसते. पट्ट्या जिथे एकमेकींना भेटतात तिथे कोन मोजून कापलेला सांधा असतो. एक तुकडा शेजारच्याने धरलेला, शेजारचा त्याच्या पलीकडच्याने, आणि सगळ्यांना शेवटी बाहेरच्या चौकटीने. आठ-दहा सेंटिमीटरच्या तुकड्यात जेमतेम मिलिमीटरभर हालचाल होते आणि ती खोबणीच्या पोटातच जिरते. तुकड्यांचे तंतू वेगवेगळ्या दिशांना फिरवलेले असल्यामुळे सगळ्यांची हालचाल एकाच बाजूला साठत नाही. जी रेषा आपण नक्षी म्हणून वाचतो ती मुळात सांध्याची रेषा आहे. या कलेत मला सगळ्यात मोठी वाटते ती ही गोष्ट.

दुसरं कारण टंचाईचं. नाईलच्या काठी खजूर आहे, बाभूळ आहे, उंबर आहे, पण लांब, सरळ, मोठ्या फळ्या देणारं जंगल इजिप्तमध्ये कधीच नव्हतं. चांगलं इमारती लाकूड समुद्रापलीकडून यायचं. देवदार आणि पाइन उत्तरेकडून, आबनूस दक्षिणेकडून, आणि साग आपल्याकडून. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचा साग जहाजांनी पर्शियन आखातात आणि तांबड्या समुद्रात जात असे. आज टिकून असलेला सर्वांत जुना मिंबर ट्युनिशियातल्या कैरवानच्या मोठ्या मशिदीत आहे. तो नवव्या शतकातला, साधारण इ. स. ८६२-६३ चा, आणि तो सागाचा आहे. त्याच्यावर कोरीव फळ्या तीनशेच्या वर आहेत. कैरोत इमाम शाफिई यांच्या कबरीवर सलाहुद्दीनच्या काळात जी लाकडी पेटी बसवली, तीही सागाचीच. तिच्यावर हिजरी ५७४, म्हणजे ११७८ साल आहे, आणि ती करणाऱ्या सुताराचं नावही आहे: उबैद, इब्न मआली या नावाने ओळखला जाणारा. समुद्र ओलांडून आलेल्या अशा लाकडाचा वीतभर तुकडासुद्धा कोणी फेकून देत नाही. छोट्या तुकड्यांतून मोठी भिंत उभी करणारी रीत तिथे रुजली यात नवल नाही. हस्तिदंताचंही तसंच. सुळ्याची जाडी जेवढी, तेवढीच त्यातून निघणारी सपाट पट्टी. हस्तिदंत वापरायचा तर तुकडा लहानच राहणार.

इथे जरा थांबायला हवं, कारण हे स्पष्टीकरण हातात आलं की ते सगळीकडे लावण्याचा मोह होतो. ही भूमिती लाकडातून जन्माला आली असं म्हणता येत नाही. इराणमधल्या खर्रकानचे कबरीचे दोन मनोरे १०६७ आणि १०९३ मधले, निव्वळ विटांचे, आणि त्यांच्या अंगावर गुंतागुंतीच्या भौमितिक नक्ष्या भरून आहेत. वीट काही खमासीनमध्ये आक्रसत नाही. भूमिती आधीच हवेत होती. सुताराला तिच्यात आपल्या अडचणीचं उत्तर सापडलं आणि त्याने ती अशी उचलली की पुढे लाकडाइतकी ती कुठल्याच माध्यमाला शोभली नाही.

दुसरा एक समज त्याहून जास्त पसरलेला आहे: इस्लाममध्ये चित्रं निषिद्ध, म्हणून भूमिती. मशिदीपुरतं त्यात तथ्य आहे, पण कारागीर फक्त मशिदीत काम करत नव्हते. कैरोच्या फातिमी खलिफांच्या राजवाड्यातल्या लाकडी पट्ट्यांवर शिकारी आहेत, वादक आहेत, नर्तकी आहेत, उंटावरची माणसं आहेत. राजवाडा गेला, पण या पट्ट्या वाचल्या. १२८४-८५ मध्ये सुलतान कलाऊनने त्याच जागी रुग्णालय आणि मदरसा बांधला तेव्हा त्या पुन्हा वापरल्या गेल्या. आज त्या कैरोच्या इस्लामी कला संग्रहालयात पाहता येतात. म्हणजे माणसं कोरता येत नव्हती म्हणून तारे कोरले, असं नव्हे. त्याच संग्रहालयात सय्यिदा रुकय्यांच्या मजारीतला हलवता येणारा लाकडी मिहराब आहे, ११५४ ते ११६० च्या दरम्यानचा. राजवाड्यात नर्तकी कोरणाऱ्या परंपरेतलाच हा मिहराब, आणि त्याच्यावर जोडकामातले षटकोन आणि तारे आधीच पूर्ण आत्मविश्वासाने बसलेले आहेत.

आता भूमितीकडे येऊ. सुताराजवळ साधनं दोनच, कंपास आणि पट्टी. कंपासने वर्तुळ काढलं आणि तोच कंपास, अंतर न बदलता, परिघावर फिरवला तर वर्तुळाचे बरोबर सहा भाग पडतात. प्रत्येकाचे दोन केले की बारा. त्या बारा बिंदूंपैकी प्रत्येकाला मोजून पाचव्या बिंदूशी जोडलं की बारा टोकांचा तारा तयार. इथवर शाळकरी मुलगाही येतो. खरी अडचण पुढे आहे. एका ताऱ्याच्या बाहेर पडणाऱ्या रेषा शेजारच्या ताऱ्याच्या रेषांना नेमक्या भेटल्या पाहिजेत, मधल्या जागेत ओबडधोबड तुकडे उरता कामा नयेत, आणि सगळं मिळून त्रिकोणाच्या मापात बसलं पाहिजे. कागदावर रेष अर्धा मिलिमीटर चुकली तर खोडता येते. लाकडात तोच अर्धा मिलिमीटर प्रत्येक सांध्यागणिक वाढत जातो आणि दहाव्या ताऱ्याला पोचेपर्यंत खोबण आणि जीभ एकमेकांना ओळखेनाशी होतात.

गणिती आणि कारागीर यांच्यातल्या या दरीबद्दल दहाव्या शतकातच कोणीतरी लिहून ठेवलं आहे. अबुल वफा अल-बूझजानी, जन्म ९४०, मृत्यू ९९८, बगदादमधला थोर गणिती. त्रिकोणमितीत त्याचं नाव आदराने घेतलं जातं. त्याने कारागिराला भूमितीतलं काय लागतं, या विषयावर एक ग्रंथ लिहिला. कारागीर आणि गणिती एकत्र बसून चर्चा करत अशा बैठकांचा उल्लेख त्यात येतो. एक प्रश्न असा: सारख्या मापाचे तीन चौरस आहेत, ते कापून एकच मोठा चौरस करायचा. कारागिरांच्या रीती डोळ्यांना पटतात, पण मापाला उतरत नाहीत. गणिती सिद्धता देतात, पण कापायचं कसं ते त्यांना सांगता येत नाही. अबुल वफाने दोघांना पटेल अशी रीत दिली. दोन चौरस कर्णावर कापायचे, चार त्रिकोण मिळतात. तिसरा चौरस मधे ठेवून त्याच्या प्रत्येक बाजूला एकेक त्रिकोण लावायचा, त्रिकोणाची सर्वांत लांब बाजू चौरसाच्या बाजूला लागून आणि तिचं एक टोक चौरसाच्या कोपऱ्याशी. लांब बाजू चौरसापेक्षा मोठी असल्याने प्रत्येक त्रिकोण एकाच दिशेला थोडा पुढे जातो आणि आकृती भिंगरीसारखी दिसते. मग बाहेरची चार काटकोनी टोकं सरळ रेषांनी जोडायची. रेषेबाहेर जेवढं डोकावतं तेवढंच आत रिकामं असतं, आणि कापलेला तुकडा त्या रिकाम्या जागेत तंतोतंत बसतो. कागदाचे तीन चौरस घेऊन हे करून पाहावं. बाहेरचा तुकडा आत बसतो त्या क्षणी सिद्धता हाताला कळते.

असं लिखाण अपवादानेच सापडतं. बहुतेक ज्ञान गुंडाळ्यांत राहिलं, वस्तादाकडून शिष्याकडे जाणाऱ्या. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात अशी एक गुंडाळी आहे, पंधराव्या-सोळाव्या शतकातली, सुमारे साडेएकोणतीस मीटर लांब, ११४ आकृत्यांची. कलेतिहासकार गुलरू नेजिपोग्लू यांनी १९९५ मध्ये ती अभ्यासासह प्रसिद्ध केली. तिच्यात स्पष्टीकरणाचा मजकूर नाही, नुसत्या आकृत्या आहेत. ज्याला वाचता येतं त्याच्यासाठीच ती काढलेली. पण नीट पाहिलं तर काही आकृत्यांत शाईच्या रेषांखाली कोरड्या टोकाने ओरखडलेल्या, रंगहीन रेषा दिसतात. नक्षी कशी काढली ते या दबलेल्या रेषा सांगतात.

अशा रेषांचं रहस्य पहिल्यांदा उलगडणारा माणूस भारतात काम करत होता, आणि तो कलेतिहासकार नव्हता. अर्नेस्ट हॅनबरी हँकिन हे आग्र्याला सरकारी रासायनिक परीक्षक होते, शिक्षणाने जंतुशास्त्रज्ञ. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीच्या जंतूंना मारणारं काहीतरी आहे हे त्यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केलं. मुंबईतल्या प्लेगवरही त्यांनी संशोधन केलं. याच माणसाला फावल्या वेळात मुघल इमारतींवरच्या नक्ष्यांचा नाद लागला. फतेहपूर सिक्रीतल्या एका हमामात गिलाव्यावर नक्षीसोबत पुसट ओरखडलेल्या बहुभुजाकृती त्यांना दिसल्या आणि सगळा उलगडा झाला. कारागीर तारा आधी काढतच नव्हता. तो आधी दशकोन, पंचकोन, षटकोन एकमेकांना कडेला कड लावून मांडायचा, फरशा मांडाव्यात तसे. मग प्रत्येक कडेच्या मध्यबिंदूतून ठरावीक कोनाच्या दोन तिरक्या रेषा दोन्ही बाजूंना काढायच्या. त्या दुसऱ्या कडांवरून आलेल्या रेषांना भेटेपर्यंत वाढवायच्या. शेवटी मूळ बहुभुज पुसून टाकायचे. दशकोनाच्या जागी दहा टोकांचा तारा उरतो, पंचकोनाच्या जागी पाच टोकांचा, आणि रेषा सगळीकडे अखंड वाहतात, कारण प्रत्येक सामाईक कडेवर दोन्ही बाजूंच्या रेषा एकाच बिंदूत भेटलेल्या असतात. हँकिन यांनी हे १९०५ पासून लिहायला सुरुवात केली, आणि १९२५ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याच्या ग्रंथमालेत त्यांचं सविस्तर पुस्तक निघालं. २००७ मध्ये पीटर लू आणि पॉल स्टाइनहार्ट या भौतिकशास्त्रज्ञांनी इस्फहानच्या १४५३ मधल्या दर्ब-इ-इमाम या वास्तूबद्दल जो गाजलेला निबंध लिहिला, त्यातले पाच मूळ आकारही याच विचाराच्या वाटेवरचे आहेत. हँकिन यांचं नाव त्या मानाने आपल्याकडे कोणाला माहीत नाही, याचं वाईट वाटतं.

भारताशी आलेला दुसरा संबंध इतका निर्मळ नाही. १८४२ मध्ये इंग्रज फौजेने अफगाणिस्तानातल्या गझनीहून, महमूदच्या कबरीच्या वास्तूची लाकडी दारं उचलून आणली. गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरोने जाहीरनामा काढला की हीच ती सोमनाथाची चंदनाची दारं, आणि आठशे वर्षांच्या अपमानाचा सूड उगवला गेला. दारं आग्र्यापर्यंत आली. चंदन नाही, देवदार आहे, हे लाकूड सांगत होतं. अंगावर कुफी लिपीतला लेख होता, आणि फळ्यांवर ताऱ्या-षटकोनांची नक्षी होती, जी सोमनाथच्या नव्हे तर गझनीच्या काळातल्या इस्लामी सुतारकामाची आहे. दारं आग्र्याच्या किल्ल्यातच राहिली, आजही तिथेच आहेत. सांधा आणि नक्षी वाचता येणाऱ्या एखाद्या सुताराला आधी विचारलं असतं तर तो जाहीरनामा निघालाच नसता.

या परंपरेतला ज्याला शिरोमणी म्हणावं तो मिंबर मात्र आज मूळ रूपात नाही. जेरुसलेम तेव्हा क्रुसेडर्सच्या ताब्यात होतं. ते परत घेऊ आणि तिथल्या अक्सा मशिदीत हा मिंबर ठेवू, या निश्चयाने हलबचा राज्यकर्ता नूरुद्दीन याने तो करवून घेतला. हिजरी ५६४, म्हणजे ११६८-६९ साल. जिंकायच्या राहिलेल्या शहरासाठी आधी लाकूडकाम तयार करणं, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. नूरुद्दीन ११७४ मध्ये गेला. ११८७ च्या ऑक्टोबरात सलाहुद्दीनने जेरुसलेम घेतलं, हलबहून मिंबर आणवला आणि अक्सात बसवला. लोक त्याला सलाहुद्दीनचा मिंबर म्हणत आले. त्यावर एकाहून जास्त कारागिरांनी आपली नावं कोरली होती. साधारण सहा मीटर उंची, आणि लाकूड-हस्तिदंताचे सोळा हजारांहून अधिक तुकडे.

२१ ऑगस्ट १९६९ रोजी एका ऑस्ट्रेलियन माथेफिरूने अक्सा मशिदीला आग लावली. आठशे वर्षं टिकलेला मिंबर जळाला आणि मूठभर अवशेष उरले. तसाच नवा करायचा असं जॉर्डनच्या राजे हुसेन यांनी ठरवलं, तेव्हा एक अवघड सत्य समोर आलं. असं काम करणारी माणसं जवळपास उरली नव्हती, आणि जी होती त्यांनाही ही नक्षी उलगडत नव्हती. फोटो होते, पण फोटोत खोबणीची खोली दिसत नाही, तुकड्यांचा क्रम दिसत नाही, मूळ जाळं दिसत नाही. मिनवर अल-मुहैद यांनी जुन्या छायाचित्रांवरून आणि अवशेषांवरून एकेका भागाची भूमिती पुन्हा मांडली. जॉर्डनमधल्या सॉल्ट या गावी कार्यशाळा उभी राहिली. तिथे जॉर्डन, तुर्कस्तान, इजिप्त, इंडोनेशिया अशा देशांचे सुतार, कोरीवकाम करणारे आणि जडावकाम करणारे वर्षानुवर्षं एकत्र बसले. २००७ च्या सुरुवातीला नवा मिंबर अक्सात जाऊन पोचला. त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे हे काम करू शकणारे नवे हात तयार झाले.

ताशीक हा एक घाट झाला. दुसरा घाट पश्चिमेकडे, स्पेन आणि मोरोक्कोत, आणि तिथे जडावकामाची कमाल आहे. कॉर्डोबात ११३७ मध्ये एक मिंबर करायला घेतला गेला, अल्मोराविद सुलतान अली इब्न यूसुफच्या मराकेशमधल्या मशिदीसाठी. पुढे सत्ता बदलली, नव्या राज्यकर्त्यांनी तो कुतुबिय्या मशिदीत नेला, आणि आज तो मराकेशच्या बादी राजवाड्यात आहे. ३.८६ मीटर उंच, ३.४६ मीटर लांब, रुंदीला मीटरभरही नाही. इथे तुकडे खोबणीत सैल बसवलेले नाहीत. पक्क्या लाकडी बैठकीवर ते चिकटवलेले आहेत. आठ टोकांच्या ताऱ्यांना गुंफणाऱ्या पट्ट्या अंगठ्याएवढ्याही रुंद नसतील, आणि त्या प्रत्येक पट्टीच्या आत पुन्हा हाड, काळं आफ्रिकन लाकूड, बॉक्सवुड आणि बोरीचं लाकूड यांच्या इवल्याशा चौकड्यांचं जडावकाम आहे. नक्षीच्या रेषेच्या पोटात आणखी एक नक्षी. १९९६-९७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या आणि मोरोक्कोच्या तज्ज्ञांनी त्याची डागडुजी केली, तेव्हा धूळ-मेण निघून मूळ रंग पुन्हा उजळले. स्पेनमध्ये मुसलमानी राज्य गेल्यावरही सुतारांनी ही विद्या सोडली नाही. १६३३ मध्ये सेव्हिलच्या दिएगो लोपेझ दे अरेनास याने सुतारांसाठी जे पुस्तक छापलं, त्यात गुण्यांच्या साहाय्याने ताऱ्यांची छतं आखायच्या जुन्या रीती आहेत.

तिसरी तऱ्हा इराणची, तीही जडावकामाचीच, आणि ती आपल्या मुंबईपर्यंत येते. शिराझमध्ये तिला खातम म्हणतात. लाकूड, हाड आणि पितळ यांच्या काडीएवढ्या त्रिकोणी कांड्या करायच्या, त्या ठरावीक क्रमाने एकत्र बांधून सरसाने चिकटवायच्या, सुकल्यावर त्या जुडग्याचे आडवे पातळ काप काढायचे. प्रत्येक कापावर तोच षटकोन, तोच तारा. असे काप पेटीवर शेजारी शेजारी चिकटवून घासून गुळगुळीत केले की हजारो तारे एका दमात उभे राहतात. हीच विद्या सिंधमार्गे सुरतेला आली असं मानलं जातं, आणि तिथे तिला साडेली म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकात सुरतेच्या आणि मुंबईच्या कारागिरांनी, त्यांत पारशी कुटुंबंही होती, शिसव, चंदन, आबनूस, हस्तिदंत, कथील आणि हिरवं रंगवलेलं हाड यांच्या कांड्यांतून दागिन्यांच्या, पत्रांच्या, शिवणकामाच्या पेट्या केल्या. त्या इंग्लंडात ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणून घरोघर गेल्या. जुन्या मुंबईकर घरात आजीच्या कपाटात अशी एखादी पेटी निघालीच, तर भिंग घेऊन तिचा पृष्ठभाग पाहावा. प्रत्येक ताऱ्यातल्या कथलाच्या कडा वेगळ्या दिसतात.

कैरोत मात्र या कलेचं नशीब दोनदा फुटलं. सुलतान लाजीनने १२९६ मध्ये इब्न तुलूनच्या मशिदीला मिंबर दिला. सुलतान होण्याआधी जीव वाचवण्यासाठी तो याच ओसाड पडलेल्या मशिदीत लपला होता, आणि वाचलो तर हिचा जीर्णोद्धार करीन असा नवस त्याने बोलला होता, असं इतिहासकार सांगतात. एकोणिसाव्या शतकात त्या मिंबरातले कोरीव तुकडे खोबणीतून काढून युरोपात विकले गेले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यातले बरेच आहेत. सुलतान कायतबायच्या काळातला एक अख्खा मिंबरही तिथे उभा आहे, १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडला गेलेला. तुकडे न चिकटवता सरकवलेले, म्हणून ते इतकी शतकं तडकले नाहीत. चोराला ते इतक्या सहज काढता आले तेही त्याच कारणाने.

२०११ नंतरच्या धामधुमीत हेच पुन्हा झालं. कैरोच्या ऐतिहासिक मशिदींतल्या मिंबरांमधून तारे, ढाली, हस्तिदंताचे मध्यभाग एकेक करून चोरीला गेले. इजिप्शियन हेरिटेज रेस्क्यू फाउंडेशनने वास्तुविशारद ओम्निया अब्देल बर यांच्या पुढाकाराने २०१८ मध्ये ममलुक सुलतानांच्या काळातल्या मिंबरांची नोंद सुरू केली. प्रत्येक मिंबराचे तपशीलवार फोटो, मोजमापं, आणि कारागिरांना पुन्हा काढता याव्यात अशा नक्ष्यांच्या आकृत्या. उत्तरेकडच्या कबरस्तानातल्या सुलतान बर्सबायच्या खानकाहमधला, म्हणजे सूफींच्या मठातला, मिंबर पाहिला की या कामाची निकड कळते. तो मूळचा अल-घमरीच्या मशिदीसाठी १४५१ च्या सुमारास अहमद इब्न ईसा या दमिएट्टाच्या सुताराने केला. इतर सगळीकडे ताऱ्यांच्या रेषा सरळ असतात, इथे त्या वळतात, आणि लाकडाच्या पट्ट्या वळणातच खोबणीत बसवलेल्या आहेत. सरळ पट्टीला खोबण पाडायला रंधा पुरतो. वळणाच्या पट्टीला प्रत्येक खोबण त्या वळणाबरोबर हाताने पटाशीने काढावी लागते. त्यातला एक तुकडा गेला तर शेजारच्या सरळ तुकड्याची नक्कल करून तो भरता येणार नाही. त्या तुकड्याचं वळण त्याच जागेसाठी काढलेलं आहे, आणि ते मोजून ठेवलेलं नसेल तर पुन्हा काढायला कोणाकडेही काही नाही.